गार लागलेलं बॉनेट

हात म्हणाला गार आहे, म्हणून मी पॉलिशचं मशीन आणखी दोनदा फिरवलं, आणि दुसऱ्या फेरीला वास आला. जळलेल्या रंगाचा वास कसा असतो हे मला कुणी सांगायला नको. दुसऱ्यांनी जाळलेल्या गाड्या निस्तरण्यात माझी हयात गेली आहे. मशीन बंद केलं, उलटं धरून पॅड पाहिलं. पांढऱ्या लोकरीत हिरवा रंग उतरला होता. बॉनेटच्या मधोमध जी उंच धार जाते तिच्यावर, अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत, आधी वरचं लॅकर गेलं होतं, मग हिरवा रंग गेला होता, आणि आता खालचा करडा प्रायमर उघडा पडला होता. मी डाव्या हाताची बोटं पुन्हा तिथं उलटी टेकवली. गार. म्हणजे गारही नव्हे, नुसतं काहीच नाही. मग मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी वाकलो आणि गाल टेकवला. असा चटका बसला की डोळ्यांत पाणी आलं. पलीकडे पेंटर तोंडावरचा मास्क हनुवटीखाली ओढून उभा होता. "काय रे, पापा घेतोस काय गाडीचा?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, तू तुझं काम कर.

पॉलिश म्हणजे चोळणं, असं लोकांना वाटतं, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. पॉलिश म्हणजे रंग खाणं. मशीनचं गोल पॅड मिनिटाला बाराशे-पंधराशे वेळा फिरतं, त्याच्याखाली कंपाउंड, म्हणजे बारीक खर असलेली पेस्ट असते, आणि ती रंगाचा एक पापुद्रा काढून टाकते. ओरखडे काही भरून येत नाहीत. त्यांच्या आजूबाजूचं सगळं त्यांच्या पातळीला खाली येतं, इतकंच. मेण नंतर, ते फक्त झाकायला. या सगळ्यात सांभाळायचा तो ताप. मशीन एका जागी रेंगाळलं, कललं, धारेवर चढलं, की पत्रा तापतो आणि रंग मऊ होऊन उचलतो. धारेवर तर रंग मुळातच पातळ बसलेला असतो. म्हणून शहाणे पॉलिशवाले सगळ्या धारांवर कागदी टेप लावून घेतात. मी लावत नाही. टेपेखालचा पट्टा शेवटी हातानं घासावा लागतो आणि तो उन्हात वेगळा दिसतो. दिसतो म्हणजे मला दिसतो, बाकी कुणाला नाही, पण मला दिसला की माझं जेवणावरून लक्ष उडतं. मला शिकवलं ते थोरल्या मालकांनी. दोन फेऱ्या, मग हात. पुन्हा दोन फेऱ्या, मग हात. तळवा नाही, तळव्याची कातडी निबर असते. बोटांची उलटी बाजू. पोराला ताप आहे का बघायला आई जशी गळ्याला हात लावते तसा लावायचा, असं ते म्हणायचे. एकतीस वर्षं मी गाड्यांच्या गळ्याला हात लावत आलो. थोरले मालक गेले, त्यांच्या जागी त्यांचा मुलगा बसला, आणि या धाकट्या मालकांनी पहिल्या महिन्यात काय आणलं असेल, तर पत्र्यावर लाल ठिपका टाकून तापमान सांगणारं यंत्र. सगळ्यांना गोल उभं करून दाखवलं. मी म्हणालो, ठेवा तिकडे खिडकीत, चहा गरम आहे का ते बघायला उपयोगी पडेल. सगळे हसले. धाकटे मालकही हसले, आणि तेच वाईट झालं. ते रागावले असते तर मी एखाद्या दिवशी कुणी नाही असं बघून ते यंत्र उचललं असतं. आता हसण्यावारी गेलेली वस्तू मी कुठल्या तोंडानं उचलणार?

दीड वाजला होता. गाडी लायब्ररीवाल्या बाईंची होती आणि बाई चारला येणार होत्या. चार म्हणजे चार; आयुष्यभर लोकांना पुस्तकं वेळेवर परत करायला लावलेली बाई ती. गाडी सतरा वर्षांची, गर्द हिरवी, आतून एखाद्या नीटनेटक्या खोलीसारखी. मी पॅड काढून फेकलं, नवीन फोमचं बसवलं, आणि त्या डागाच्या भोवती हलक्या हातानं फिरवत राहिलो, म्हणजे कडा तरी विरतील. कडा विरतात पण गेलेला रंग येत नाही, हे मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही मी अर्धा तास ते केलं. मला सगळ्यांचा राग येत होता. पत्र्यावर इतका पातळ रंग मारणाऱ्या कारखान्याचा, धारा असलेली बॉनेटं काढणाऱ्या माणसाचा, शिट्टी वाजवत मास्क घालणाऱ्या पेंटरचा, सतरा वर्षांची गाडी आरशासारखी करून मागणाऱ्या बाईंचा. हाताचा राग तेवढा येत नव्हता, कारण त्याच्याकडे मी बघतच नव्हतो.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या नळाशी जाऊन बसलो तेव्हा मात्र बघितला. डावा हात. मशीनचं डोकं या हातानं दाबून धरायचं असतं, तेव्हा सगळा थरथराट आधी याच्यात शिरतो. पहिली कित्येक वर्षं तो संध्याकाळी घरापर्यंत सोबत यायचा. गादीवर पडलं तरी हातात मशीन चालू आहे असं वाटायचं, आणि तरुणपणी मला त्याची मौज वाटायची. मग एका हिवाळ्यात सकाळी बोटं पांढरी पडायला लागली, पेरांपर्यंत, मेणबत्तीसारखी. काखेत धरली की परत लाल व्हायची. मी म्हणालो थंडी आहे. उन्हाळ्यातही व्हायला लागली तेव्हा म्हणालो नळाचं पाणी गार आहे. डॉक्टरकडे गेलो नाही, कारण डॉक्टर काय सांगणार ते मला माहीत होतं. आमच्याकडे पूर्वी पत्रा घासायला एकजण होता, त्याला सगळे भोपळ्या म्हणायचे, डोकं तसं होतं म्हणून. त्याची बोटं अशीच गेली. थोरल्या मालकांनी त्याला काढलं नाही, पुढे धुलाईला लावलं. माणूस एवढ्या हाताचा, पत्र्यावर नुसती बोटं फिरवून कुठे किती पोचा आहे ते सांगणारा, तो दिवसभर पाइप धरून गाड्यांवर पाणी मारत उभा असायचा आणि गिऱ्हाइकांना सलाम करायचा. वर्षभरानं तो यायचाच बंद झाला. कुणी विचारलंही नाही. मी पण नाही. आता त्या नळाशी बसून मी माझी बोटं एकेक करून दातांखाली धरली, आणि अंगठा सोडला तर बाकी चारांना दात लागलेला कळला नाही. मला भीती वाटली. एवढ्या मोठ्या माणसाला वाटू नये अशी. मशीन सोडलं तर मला दुसरं काही येत नाही. गाडी चालवता येत नाही, हिशेब जमत नाही, चार लोकांशी गोड बोलायला तर कधीच जमलं नाही. मला फक्त पत्रा गार आहे की गरम एवढं कळत होतं, आणि त्याच्यावर मी ताठ मानेनं फिरत होतो.

आणि मग, उगीचच, शर्ट आठवले. आमची ही घरी शिवणकाम करते. लोकांच्या पँटी आखूड करणं, चेन बदलणं, उसवलेलं जोडणं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आणि या अठ्ठावीस वर्षांत तिनं माझं एक म्हणणं धडपणे मान्य केलेलं मला आठवत नाही. मी मंगळवार म्हणालो की ती बुधवार म्हणते, आणि चीड याची येते की बहुतेक वेळा बुधवारच असतो. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर म्हणते, तुमची जीभ गेली. पंखा हळू फिरतोय म्हटलं तर म्हणते, तुम्ही घाईत आहात. मशीनवरून तर ती दहा वर्षं माझ्या मागे लागली आहे, की सोडा ते, अंगाला थरथर लागते, झोपेतसुद्धा तुमचा हात हलतो. मी दर वेळी सांगितलं की तुझ्या शिवणयंत्राला पण थरथर असते. तर गेल्या हिवाळ्यात मला शर्टाची बटणं लावायला वेळ लागायला लागला. मी बटणांना शिव्या घालायचो. एके दिवशी बघतो तर बटणं सटासट लागली. खूश झालो. मग जरा वाकलो की आपोआप सुटायला लागली. नीट पाहिलं, तर तिन्ही शर्टांची काजं उसवून मोठी केलेली आणि कडेनं पुन्हा बारीक टाके घातलेले. मी घर डोक्यावर घेतलं. लोकांचे कपडे नीट करतेस आणि घरचे बिघडवतेस, म्हणालो. ती दोरा दातानं तोडत म्हणाली, तुमचं पोट सुटलंय, सैल नको का करायला? आणि मी ते खरं धरून चार महिने भात कमी खाल्ला. आता नळाशी बसलो असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला की पोटाचा आणि काजांचा काही संबंध नसतो. संताप संताप झाला. एवढं समजत होतं तर तोंडावर सांगायचं होतं. एरवी मंगळवार-बुधवारावरून भांडायला वेळ आहे हिला.

साडेतीनला धाकटे मालक फेरी मारायला आले आणि बॉनेटपाशी थांबले. काका, हे काय झालं, असं त्यांनी हळूच विचारलं. हळूच विचारायची त्यांची सवय माझ्या डोक्यात जाते. मी तयार होतो. म्हणालो, रंग आधीच पातळ झालेला होता, मागं कुणीतरी अडाण्यानं इथं घासून ठेवलंय, माझ्या दोन फेऱ्यांत निघाला. एवढं सफाईनं बोललो की माझाच विश्वास बसला. त्यांनीही मान डोलावली. बाईंना मी सांगतो, तुमच्या हातून असं व्हायचं नाही हे त्यांनाही माहीत आहे, म्हणाले, आणि माझ्या पाठीवर थाप मारून गेले. ते गेल्यावर पेंटर आला. त्यानं डागावर वाकून पाहिलं, मग माझ्याकडे. थट्टा करील म्हणून मी तोंड उघडून तयारच होतो. पण तो म्हणाला, "गालानं तपासून किती दिवस चालवणार आहेस?" मी म्हणालो, काय बोलतोस. तो म्हणाला, "मी कुणाला सांगणार नाही. तू टेप लावत जा, एवढंच." माझा तिळपापड झाला. एकतीस वर्षांत मला कुणी टेप लावायला सांगितलं नव्हतं, आणि हा तर बोलला तो अगदी मायेनं.

बाई चारला दोन मिनिटं असताना रिक्षातून उतरल्या. रिक्षातून कशा, असं मला वाटलं, पण गाडी इथं असताना दुसऱ्या कशानं येणार म्हणा. धाकट्या मालकांनी पुढे होऊन सगळं सांगितलं, माझंच वाक्य, थोडं आणखी गुळगुळीत करून: आधीच्या माणसानं जास्त घासलं होतं, आम्ही तेवढा भाग रंगवून देतो, पेंटर उद्या करील. बाईंनी चष्मा पुसला, डागाकडे पाहिलं, बोट लावून पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. "पण आधीचे म्हणजे तुम्हीच ना, मिस्त्री?" त्यांनी विचारलं. "नवी घेतल्यापासून चार वेळा केली, चारही वेळा तुम्हीच. मी दुसऱ्या कुणाला हातच लावू दिला नाही." त्या टोमणा मारत नव्हत्या, कौतुकानंच सांगत होत्या. धाकटे मालक जमिनीकडे बघायला लागले. मला वाटलं, आता ही बाई चिडेल, आवाज चढवील, आणि मग मलाही चढवता येईल, आणि एकदाचं काय ते होऊन जाईल. कसलं काय. त्या म्हणाल्या, जाऊ द्या हो, नखाएवढं तर आहे, भाचीला सांगेन तसं. गाडी भाचीला द्यायची म्हणून तर चकचकीत करायला आणली होती. मी विचारलं, देऊन का टाकताय? बोलायला काहीतरी हवं म्हणून विचारलं. "मला डावीकडचं नीट दिसत नाही हो आता," बाई म्हणाल्या. "गेल्या महिन्यात फुटपाथवर चढवली. कुणाला लागलं नाही. म्हटलं, पुरे."

पुरे. भाजी वाढताना म्हणावं तसं म्हणाल्या. मला बाईंचा इतका राग आला की त्या गेल्यावरही मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडत होतो. तुमचं काय जातंय, तुम्हाला रिक्षा मिळतात. तुम्ही गाडीशिवाय पण बाईच राहता. माझ्या हातातून मशीन गेलं तर खाली काय उरणार आहे? वायर गुंडाळायला घेतली तर ती गाठीत अडकली. गाठ सोडवायला बोटं चालेनात, तेव्हा ती तशीच कोपऱ्यात लाथेनं सरकवली. पेंटरनं बघितलं आणि बघितलं नाहीसं केलं. रस्त्यानं चालतानाही तेच. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांच्या बॉनेटांवर उतरतं ऊन पडलं होतं, आणि मला सवयीनं दिसत होतं की कुणी कुठे मशीन कलवलं आहे, कुणी घाई केली आहे, कुठे गोल गोल वळसे उमटले आहेत. डोळे अगदी शाबूत होते. एका गाडीच्या दारावर मी हात टेकवला, डावा, उलटा. दिवसभर उन्हात तापलेली असणार ती, हाताला काही कळलं नाही. आतला माणूस काच खाली करून म्हणाला, काय पाहिजे? मी म्हणालो काही नाही. तो बराच वेळ आरशातून माझ्याकडे बघत होता, चोराकडे बघावं तसा, आणि त्याचं काही चुकत नव्हतं.

घरी आलो तेव्हा सहा वाजले असतील. खिडकीत अजून उजेड होता आणि ही शिवणयंत्रावर कुणाची तरी पँट उलटी करून बसली होती. उशीर झाला, म्हणाली. मी म्हणालो नेहमीच्याच वेळेला आलोय. एरवी इथून अर्धा तास निघाला असता. पण मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, आज एक बॉनेट जाळलं. तिचा पाय पॅडलवरच थांबला. कुणाचं विचारलं नाही, कसं विचारलं नाही, मी सांगत होते म्हणूनही म्हणाली नाही. पँट बाजूला ठेवून ती स्टूल घेऊन माझ्यासमोर येऊन बसली, माझा डावा हात आपल्या मांडीवर घेतला आणि म्हणाली, "डोळे मिटा. मी कुठलं बोट धरलंय ते सांगा." मी म्हणालो हा काय पोरखेळ. ती म्हणाली मिटा हो. मी मिटले.

मनगटाशी काहीतरी हललं. त्याच्या पुढे काही नव्हतं, अंधारात हात जिथं संपतो तिथून पुढचं सगळं भाड्यानं दिल्यासारखं. मी अंदाज केला. मधलं, म्हणालो. "बरोबर," ती म्हणाली. मला बरं वाटलं. पुन्हा मनगट जरा हललं. अनामिका. "बरोबर." आता मला जोर आला, म्हणजे दुपारचं नळाशी दातांचं काही खरं नाही, बसून बसून रक्त साकळलं असेल, माणूस घाबरला की त्याला काहीही वाटतं. मी म्हणालो, परत मधलं. "बरोबर." अंगठ्याशेजारचं. "बरोबर." चार वेळा. ही बाई, जी मला वाराची खात्री देत नाही, ती सलग चार वेळा मला बरोबर म्हणाली. मी डोळे जरासे किलकिले केले. तिनं माझी करंगळी धरली होती. चिमटीत, नख पांढरं होईपर्यंत दाबून. ती माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, त्या बोटाकडे बघत होती, आणि तिचे ओठ आत दुमडले होते. मी पुन्हा डोळे मिटले.

मग डोळे मिटूनच म्हणालो, उद्या धाकट्या मालकांना खरं काय ते सांगतो. मशीन दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या म्हणतो, मला पुढे धुलाईला लावा.

"कशाला?" ती म्हणाली. दहा वर्षं सोडा सोडा म्हणून माझं डोकं खाणारी ती, म्हणाली, "चांगला आहे की हात. सगळी बरोबर सांगितलीत."

"करंगळी होती ती," मी म्हणालो.

डोळे उघडायची मला इच्छा नव्हती, कारण मग तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं आणि तिनं माझ्या. खालून कुणाच्यातरी गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. शिवणयंत्र चालू झालं नाही, पण खोली इतकी गप्प होती की मला वाटलं ती उठून आत गेली असेल, चहा टाकायला, किंवा मला दिसू नये म्हणून. बरंच झालं, म्हटलं. मी डोळे उघडले. ती तिथंच बसलेली होती, दोन्ही हातांच्या मुठीत माझी चारही बोटं घट्ट धरून.